संशोधनाचा करारनामा आणि जनतेचा हक्क

२०२४ च्या जून महिन्यात, लोकसभेच्या निकालांची धामधूम अजून पुरती ओसरली नव्हती अशा वेळी, कोव्हॅक्सिन या लसीच्या पेटंटासंबंधीची एक बातमी प्रसिद्ध झाली आणि राजकारणाच्या गदारोळात तिच्याकडे जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेले नाही. ज्या लसीसाठी लागणारा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने रुग्णाच्या नमुन्यातून वेगळा काढला, प्रयोगशाळेत वाढविला आणि २०२० च्या मे महिन्यात हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीच्या हवाली केला; ज्या लसीच्या माणसांवरील चाचण्यांच्या खर्चाचा वाटा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सार्वजनिक खजिन्यातून उचलला; आणि जिच्या खोक्यांवर परिषदेचे व पुण्याच्या संस्थेचे नाव छापले जावे असे उभयपक्षी ठरले होते, त्या लसीच्या पेटंट-अर्जात संशोधक म्हणून नावे होती ती केवळ कंपनीच्या शास्त्रज्ञांची.

ही गोष्ट उजेडात आल्यावर कंपनीने लागलीच खुलासा केला, घाईमुळे व अनवधानाने असे घडल्याचे सांगितले, आणि परिषदेचा सहमालक म्हणून अंतर्भाव करण्याची तजवीज केली. कंपनीच्या हेतूविषयी शंका घेण्याचे मला काही कारण दिसत नाही. परंतु त्या खुलाशात दिलेले एक कारण मात्र प्रत्येक नागरिकाने पुन्हा एकदा वाचावे असे आहे. परिषद आणि कंपनी यांच्यातील करारनामा हा गोपनीय दस्तऐवज असल्यामुळे तो अर्ज करतेवेळी उपलब्ध होऊ शकला नाही, असे ते कारण. हे खरे मानावयाचे, आणि ते खोटे मानण्यास आधार नाही, तर त्याचा अर्थ असा होतो की जनतेच्या पैशावर उभ्या असलेल्या संस्थेने जनतेच्या प्राणरक्षणासाठी केलेला करार जनतेला पाहावयास मिळाला नाहीच, पण करारातील एका पक्षाच्या दप्तरात बसून त्याच लसीच्या पेटंटाचे काम पाहणाऱ्या माणसांनाही तो पाहता आला नाही.

विज्ञानाचे व्यापारीकरण व्हावे की न व्हावे, या वादात आपल्याकडे पुष्कळ शाई खर्च झाली आहे. एका पक्षाला बाजार म्हटले की विटाळ वाटतो, तर दुसऱ्या पक्षाला ज्याला किंमत मिळत नाही ते संशोधन व्यर्थ वाटते. या वादात मी पडू इच्छीत नाही, कारण शोध विकला जाणे हे पाप आहे असे मला वाटत नाही. प्रयोगशाळेतील परीक्षानळीतून रुग्णाच्या दंडापर्यंत लस पोहोचावयाची तर मध्ये कारखाना लागतो, भांडवल लागते, आणि भांडवल घालणाऱ्याला नफ्याची अपेक्षा असते. माझे गाऱ्हाणे निराळे आहे. जनतेच्या खर्चाने झालेले संशोधन कोणत्या अटींवर विकले गेले, कोणत्या किमतीचे बंधन घालून दिले गेले, आणि त्या संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा अधिकार कोणाच्या हाती राहिला, हे आज आपल्या देशात झाकलेल्या दप्तरात ठरते. आणि जोवर ते तसे ठरते तोवर व्यापारीकरणाच्या बाजूचे अथवा विरोधाचे कोणतेही मत हे अंधारात चाचपडून दिलेले मत आहे.

या विषयावर बोलताना आपल्याकडे आचार्य जगदीशचंद्र बसूंचे उदाहरण देण्याची प्रथा आहे, आणि ते योग्यच आहे. १९०१ साली लंडनमध्ये एका धनाढ्य तारायंत्र कंपनीचा मालक त्यांच्याकडे आला, तुमच्या व्याख्यानात सगळेच उघड करू नका, मी पेटंटाची व्यवस्था करतो, नफ्यात आपण भागीदार होऊ, असे विनवू लागला, आणि बसूंनी त्याला साफ नकार दिला. रवींद्रनाथांना त्या वेळी त्यांनी लिहिलेल्या पत्रात या प्रसंगाविषयीची त्यांची व्यथा व्यक्त झाली आहे. पण या कथेचा उत्तरार्ध आपण सहसा सांगत नाही. त्यांच्या हितचिंतक सारा बुल यांच्या आग्रहामुळे त्याच वर्षी अमेरिकेत अर्ज दाखल झाला आणि १९०४ साली त्यांच्या विद्युत्‌-लहरी ग्राहकाला पेटंट मिळालेही. बसूंनी त्याचा लाभ मात्र कधी उठविला नाही. ही निरिच्छा वंदनीय आहे. परंतु व्यक्तीच्या त्यागावर एखाद्या राष्ट्राला आपली व्यवस्था उभारता येत नाही, आणि त्यागाने जे जगाच्या हवाली केले ते जगाच्याच हाती राहील याची हमी त्याग स्वतः देऊ शकत नाही.

इन्शुलिनचा इतिहास याची साक्ष देतो. १९२१ साली टोरंटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी मधुमेहावरील या द्रव्याचा शोध लावला, जेम्स कॉलिप यांनी ते माणसाला टोचण्याइतके शुद्ध केले, आणि १९२३ च्या जानेवारीत त्यावरील पेटंटाचे हक्क या मंडळींनी प्रत्येकी एक डॉलर एवढ्या नाममात्र किमतीला टोरंटो विद्यापीठाला लिहून दिले. वैद्याने औषधावर मक्ता सांगणे बँटिंग यांना आपल्या शपथेशी विसंगत वाटत होते, म्हणून आरंभी ते आपले नाव अर्जात घालण्यासही तयार नव्हते. पेटंट घ्यावयाचे ते दुसऱ्या कोणी ते बळकावू नये आणि निकृष्ट माल बाजारात येऊ नये एवढ्यासाठी, ही त्यांची धारणा; आणि विद्यापीठाने नेमलेल्या समितीने कारखानदारांना परवाने देताना गुणवत्तेच्या चाचणीची अट घालून ती धारणा काही काळ पाळलीही. पुढे मूळ पेटंटाची मुदत संपली, इन्शुलिनचे नवनवे सुधारित प्रकार निघाले, त्या प्रत्येकावर नवी पेटंटे बसली. आणि ज्या अमेरिकेच्या सीमेपलीकडे, अगदी शेजारी, हा एक डॉलरचा व्यवहार झाला होता तेथेच, १९९६ साली सुमारे २१ डॉलरला मिळणारी ह्युमलॉग इन्शुलिनची एक कुपी दोन दशकांनंतर पावणेतीनशे डॉलरच्या आसपास गेली. कुपीतील औषध तेच होते. महाग झाले म्हणून मात्रा अर्धी घेणारे, आणि त्यात प्राणास मुकलेले रुग्ण तेथील वृत्तपत्रांत येऊ लागले. लोकक्षोभ वाढल्यावर २०२३ साली उत्पादक कंपनीने ती किंमत बरीच खाली आणली, हेही नमूद केले पाहिजे. पण किंमत वाढविणे आणि उतरविणे या दोन्ही गोष्टी एकाच पक्षाच्या मर्जीवर सोपविल्या गेल्या होत्या, ही मूळ व्यथा त्याने मिटत नाही.

किमतीहूनही मला अधिक चिंता वाटते ती प्रसिद्धीच्या अधिकाराची, आणि त्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील वैद्यकीय शाखेत घडलेले एक प्रकरण थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कंठस्थ ग्रंथीचा स्राव कमी पडणाऱ्या रुग्णाला, आणि आपल्या घरोघरी अशा रुग्ण स्त्रिया आहेत, सकाळी उपाशीपोटी लेव्होथायरॉक्सिनची एक बारीकशी गोळी रोज, बहुधा आयुष्यभर, घ्यावी लागते. अमेरिकेत या गोळीच्या बाजारावर सिंथ्रॉइड नावाच्या एका महागड्या छापाचे वर्चस्व होते. इतर कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या तिच्या तोडीच्या नाहीत, असा तिच्या कंपनीचा प्रचार होता. तो खरा आहे हे शास्त्रशुद्ध रीतीने सिद्ध व्हावे म्हणून कंपनीनेच पैसा पुरवून १९८७ साली औषधशास्त्राच्या प्राध्यापिका बेटी डाँग यांच्याकडे तुलनात्मक अभ्यासाचे काम सोपविले. एकाच रुग्णाला पाळीपाळीने सिंथ्रॉइडसह चार प्रकारच्या गोळ्या द्यावयाच्या आणि प्रत्येक वेळी रक्त तपासावयाचे, अशी त्या अभ्यासाची पद्धत होती. १९९० साली काम पुरे झाले, आणि निष्कर्ष निघाला तो कंपनीच्या अपेक्षेच्या नेमका उलट: चारही गोळ्या परिणामात समान होत्या, म्हणजे रुग्णांनी स्वस्त गोळी घेतली तर वर्षाकाठी त्यांचे कोट्यवधी डॉलर वाचणार होते.

येथून पुढे त्या बाईंची जी परवड सुरू झाली ती सात वर्षे चालली. कंपनीने अभ्यासात दोष असल्याच्या तक्रारी विद्यापीठाकडे धाडल्या. विद्यापीठाने चौकशी केली आणि गंभीर असे काही आढळले नाही. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या विख्यात नियतकालिकाने तज्ज्ञांकडून तपासून तो निबंध स्वीकारला, १९९५ च्या जानेवारीतील अंकात तो यावयाचा होता, आणि ऐन वेळी बेटी डाँग यांनी तो परत घेतला. कारण मूळ करारनाम्यात एक कलम होते: कंपनीच्या लेखी संमतीवाचून निष्कर्ष प्रसिद्ध करता येणार नाहीत. विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमांत असे कलम बसत नव्हते, तरी सही होऊन गेली होती; आणि कंपनीने दावा लावल्यास आम्ही तुमच्या पाठीशी उभे राहू शकणार नाही, असे विद्यापीठाच्या वकिलांनी त्यांना सांगितले. पुढील वर्षी एका मोठ्या दैनिकाने हे प्रकरण चव्हाट्यावर आणले, औषध-नियंत्रक अधिकाऱ्यांनी लक्ष घातले, तेव्हा कुठे कंपनीने माघार घेतली आणि १९९७ च्या एप्रिलमध्ये तो निबंध छापून आला. मधल्या सात वर्षांत लाखो रुग्णांनी रोज सकाळी जी जादा किंमत मोजली ती आपण अकारण मोजीत आहो हे त्यांना ठाऊकही नव्हते. कंपनीने येथे काही चोरले नव्हते, कोणाला खोटा अहवाल लिहावयास लावले नव्हते. एका कलमाच्या आधाराने सत्य थोपवून धरले होते, इतकेच. आणि ते कलम सही होण्यापूर्वी कोणा त्रयस्थाच्या नजरेस पडले असते तर तेथल्या तेथे खोडले गेले असते, याविषयी मला संदेह नाही.

पेटंट घ्यावयाचे तर गुप्तता पाळावीच लागते, असे यावर सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते फार थोडे आहे. शोध अर्जापूर्वीच प्रसिद्ध झाला तर त्याचे नावीन्य संपते आणि पेटंट हातचे जाते, हे खरे. पण आपल्या कायद्यात तात्पुरत्या विवरणाचा अर्ज आधी दाखल करून पूर्ण विवरण बारा महिन्यांच्या आत देण्याची सोय आहे, आणि असा अर्ज एकदा दाखल झाला की त्यात जेवढे उतरविले आहे तेवढ्यापुरते संशोधकाचे तोंड बांधून ठेवण्याचे कायदेशीर कारण उरत नाही. तरीही पीएच.डी. करणारी मुले आपल्या कामाविषयी शेजारच्या प्रयोगशाळेतील सहाध्यायांशी मोकळेपणी बोलावयास कचरतात, परिषदेत निबंध वाचण्यापूर्वी प्रायोजकाच्या संमतीची वाट पाहतात, ते केवळ पेटंटाच्या भयाने घडत नाही. करारात काय लिहिले आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, म्हणून ती प्रत्येक गोष्टीलाच मज्जाव आहे असे समजून चालतात. ज्या वयात शंका विचारण्याचा आणि आपले चुकलेले चारचौघांत दाखविण्याचा संस्कार व्हावयाचा, त्या वयात मौनाचा संस्कार होतो. विज्ञानाची याहून मोठी हानी मला कल्पिता येत नाही.

बाजाराशी केलेला करार लोकहिताचा होऊच शकत नाही काय? होऊ शकतो, आणि त्याचा एक उत्तम दाखला पुण्याच्या हडपसरलाच सापडतो. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या साथी वर्षानुवर्षे येत असत. १९९६-९७ च्या साथीत सुमारे अडीच लाख लोक आजारी पडले आणि पंचवीस हजारांवर माणसे दगावली. रोग गरिबांचा, म्हणून त्याच्या ‘अ’ जंतुप्रकारावर टिकाऊ लस काढण्यात बड्या पाश्चात्त्य कंपन्यांना स्वारस्य नव्हते. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांनी गेट्स प्रतिष्ठानच्या देणगीतून एक प्रकल्प उभारला, आणि त्यांनी सर्वप्रथम आफ्रिकेतील आरोग्य-अधिकाऱ्यांना विचारले की तुम्हांला परवडेल अशी किंमत कोणती. उत्तर आले: एका मात्रेला अर्ध्या डॉलरहून कमी. मग त्या किमतीला लस करून देणारा कारखाना शोधला गेला. अमेरिकी सरकारच्या औषध-नियंत्रण प्रशासनाच्या प्रयोगशाळेत तेथील शास्त्रज्ञांनी शर्करायुक्त आवरण प्रथिनाशी जोडण्याची जी कृती सिद्ध केली होती ती परवान्याने पाथकडे आली, पाथकडून हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आली, धनुर्वाताचे लागणारे प्रथिन सीरमच्या हाताशी होतेच. आणि २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोमध्ये सामुदायिक लसीकरण सुरू झाले. पुढे तीस कोटींहून अधिक लोकांना ती लस टोचली गेली आणि त्या पट्ट्यातून ‘अ’ प्रकारच्या मेंदूज्वराच्या साथी जवळजवळ नाहीशा झाल्या.

या व्यवहारात सीरम ही खाजगी कंपनीच होती, परवाना होता, करार होता. फरक इतकाच, पण तो निर्णायक, की किंमत ही वाटाघाटीच्या अखेरीस उरलेली बाब नव्हती. ती पहिली अट होती, ती ज्यांनी मोजावयाची त्यांनीच सांगितलेली होती, आणि ती सर्वांना ठाऊक होती. पुण्यात राहणाऱ्या किती जणांना आपल्या शहरातील या कामाची माहिती आहे, कोण जाणे. ज्याचा आपण अभिमान बाळगावा अशा गोष्टींत मी हिची गणना फार वर घालीन.

याच मापाने आता कोव्हॅक्सिनचा व्यवहार पाहू. पुण्याच्या विषाणूविज्ञान संस्थेचे कर्तृत्व मला मुळीच कमी लेखावयाचे नाही. १९५२ साली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने स्थापन झालेल्या आणि क्यासनूरच्या जंगलातील तापाचा छडा लावल्यापासून जगात नाव मिळविलेल्या या संस्थेतील माणसांनी २०२० च्या टाळेबंदीत जे केले ते असामान्य होते. लस माकडांवर तपासावयाची होती आणि योग्य वयाची रीसस माकडे मिळत नव्हती, तेव्हा वनखात्याच्या मदतीने ती नागपूरच्या बाजूच्या जंगलांतून मिळवावी लागली. अशा वीस माकडांवर झालेल्या प्रयोगाने लसीचा मार्ग मोकळा झाला. एवढ्या कष्टांचे फळ कंपनीच्या हवाली करताना परिषदेने काय ठरविले? निव्वळ विक्रीवर पाच टक्के स्वामित्वधन, पुरवठ्यात देशाला अग्रक्रम, आणि बौद्धिक संपदेत उभयतांचा वाटा. तुकड्यातुकड्याने प्रसिद्ध झालेल्या माहितीतून एवढे समजले. चाचण्यांवर परिषदेने सुमारे ३५ कोटी रुपये खर्चिले आणि २०२२ च्या जानेवारीअखेर तिला स्वामित्वधनापोटी १७० कोटींहून अधिक रक्कम मिळाली, असे सरकारने संसदेत सांगितले.

हिशेब म्हणून हा व्यवहार तोट्याचा दिसत नाही. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये, जेव्हा आपल्या गावागावांत स्मशानभूमी अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा हीच लस केंद्राला दीडशे रुपयांस, राज्यांना सहाशे रुपयांस आणि खाजगी रुग्णालयांना बाराशे रुपयांस देऊ केली गेली; टीकेनंतर राज्यांचा दर चारशेवर आला. किमतीवर अंकुश ठेवणारे कलम करारात होते काय? असल्यास ते बजावले का गेले नाही, आणि नसल्यास ते घालावयाचे कोणाला का सुचले नाही, हे दोन्ही प्रश्न आजही विचारणे उचित आहे. त्याहून नाजूक गोष्ट अशी की देशाला लसीकरणाविषयी सल्ला देणारी परिषद ही त्याच वेळी एका लसीच्या विक्रीतील हिस्सेदार होती. २०२४ साली बनारस हिंदू विद्यापीठातील काही संशोधकांनी या लसीच्या प्रतिकूल परिणामांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. परिषदेने तो मागे घेण्याची मागणी केली, कंपनीने लेखकांवर दिवाणी दावा गुदरला, आणि पुढे नियतकालिकाने निबंध मागे घेतला. त्या अभ्यासात लस न घेतलेल्यांचा तुलनेसाठी गट नव्हता, हा परिषदेचा आक्षेप शास्त्रीय दृष्टीने वजनदार आहे, आणि केवळ त्याच्यापुढेच तो निबंध टिकला नसता हे मला मान्य आहे. परंतु ज्या परिषदेच्या जमाखात्यात त्या लसीचे स्वामित्वधन येत होते तिनेच हा आक्षेप घ्यावा, यामुळे खऱ्या आक्षेपालाही संशयाचा स्पर्श होतो. परिषदेची विश्वासार्हता ही पाच टक्क्यांहून फार मोठी दौलत आहे. कोव्हॅक्सिनचा करारनामा संपूर्ण प्रसिद्ध करणे हा ती राखण्याचा आज उपलब्ध असलेला सर्वांत सोपा उपाय आहे. साथ सरली आहे, त्या लसीला आता गिऱ्हाईकही फारसे नाही, आणि तो उघड केल्याने कोणाच्या व्यापाराला धक्का पोहोचेल असे दिसत नाही.

हा विषय आज अधिक निकडीचा झाला आहे, कारण संशोधन आणि भांडवल यांची गाठ घालण्याचे सरकारचे धोरण आता मोठ्या वेगाने पुढे जात आहे. अमेरिकेत १९८० साली बे-डोल कायद्याने विद्यापीठांना सरकारी खर्चाने झालेल्या शोधांची मालकी दिली. त्यात निदान एवढे तरी होते की लोकहितासाठी आवश्यक वाटल्यास सरकारला तो परवाना दुसऱ्यास देण्याचा हक्क राखून ठेवला होता, जरी त्या हक्काचा वापर आजवर एकदाही झालेला नाही. त्याच धर्तीवरचे विधेयक २००८ साली आपल्या राज्यसभेत मांडले गेले, त्यावर टीका झाली, स्थायी समितीकडे गेले आणि २०१४ साली मागे घेतले गेले. विधेयक गेले, पण त्याने सोडविण्यासाठी हाती घेतलेला प्रश्न गेला नाही. २०२३ साली राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला, आणि त्याच्या नियोजित पन्नास हजार कोटींपैकी मोठा हिस्सा सरकारबाहेरून यावयाचा आहे. २०२५ च्या जुलैत मंत्रिमंडळाने खाजगी क्षेत्रातील संशोधनाला अल्प अथवा शून्य व्याजाने दीर्घ मुदतीची कर्जे देण्यासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. जो देश आपल्या उत्पन्नाचा एक टक्कादेखील संशोधनावर खर्च करीत नाही त्याने एवढी रक्कम बाजूला काढावी, याचे मी मनापासून स्वागत करतो. पण एवढ्या पैशाच्या मागोमाग हजारो करारनामे होणार आहेत, आणि ते सगळे कोव्हॅक्सिनच्या करारासारखे कुलपात ठेवण्याची वहिवाट पडली तर पुढे ती मोडणे कठीण जाईल.

वहिवाट बदलण्यास फार मोठ्या क्रांतीची गरज नाही. पेटंट कायद्याच्या अडुसष्टाव्या कलमान्वये परवान्याचा करार लेखी असावा लागतो, आणि एकोणसत्तराव्या कलमान्वये त्याची नोंद पेटंट-नियंत्रकाच्या नोंदवहीत करता येते. परंतु त्याच कलमाला जोडलेल्या परंतुकाने पेटंटधारकास अथवा परवानाधारकास अशी मुभा दिली आहे की त्याने विनंती केल्यास परवान्याच्या अटी न्यायालयाच्या हुकमावाचून कोणालाही दाखविल्या जाऊ नयेत. पेटंट प्रत्यक्ष वापरात आणले की नाही याचे विवरणपत्र पूर्वी दरवर्षी द्यावे लागे. २०२४ च्या नियमदुरुस्तीने ते तीन वर्षांतून एकदा द्यावयाचे झाले आहे. एका खाजगी कारखानदाराने दुसऱ्याला स्वतःच्या खर्चाने लावलेला शोध वापरावयास दिला तर त्याच्या अटी झाकून ठेवण्यास कोणाची हरकत असू नये. पण जेथे पेटंटधारक ही करदात्यांच्या पैशावर चालणारी संस्था आहे तेथे ही मुभा लागू होणार नाही, एवढी एक ओळ त्या परंतुकात वाढविली, आणि संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास प्रायोजकाची संमती आवश्यक करणारे कोणतेही कलम अशा करारात निरर्थक समजले जाईल, अशी दुसरी ओळ तिच्या जोडीला लिहिली, तर पुष्कळ काम होईल. अर्ज दाखल करण्यापुरता काही महिन्यांचा अवधी राखून ठेवावयाचा असेल तर तो अवश्य राखावा.

केंद्राची वाट न पाहता महाराष्ट्राला स्वतःच्या अधिकारात करता येण्यासारखेही बरेच आहे. १८९७ च्या जानेवारीत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, आणि दोन वर्षांनी परळच्या जुन्या राजभवनात ज्या प्रयोगशाळेने बिऱ्हाड केले, ती हाफकिन संस्था आणि १९७५ साली तिच्यातून वेगळे काढलेले औषधनिर्माण महामंडळ ही दोन्ही राज्य सरकारची आहेत. २०२१ साली कोव्हॅक्सिनच्या वर्षाला बावीस कोटींहून अधिक मात्रा तेथे करण्याचा आराखडाही झाला होता, जो साथीच्या काळात फळाला आला नाही. चार कृषी विद्यापीठे राज्याची आहेत, आणि त्यांनी काढलेली वाणे व तंत्रे बियाणे-कंपन्यांकडे जातात ती करारानेच जातात. आपल्या राज्यात कोणी दोन गुंठ्यांची जमीन विकली तर ती कोणी कोणाला केवढ्याला दिली हे दुय्यम निबंधकाच्या सूची क्रमांक दोनमध्ये कोणालाही पाहता येते, आणि आता ते घरबसल्या पाहता येते; गावकऱ्याच्या वावराच्या व्यवहाराला जी पारदर्शकता आपण बंधनकारक केली ती राज्याच्या संशोधनसंस्थांच्या परवान्यांना लावण्यास कोणतीही कायदेशीर अडचण असल्याचे मला दिसत नाही. त्यासाठी शासन-निर्णयाने एक सूची उघडावी: शोध कोणता, तो कोणाच्या खर्चाने झाला, कोणाला किती मुदतीसाठी दिला, किमतीचे बंधन कोणते, स्वामित्वधन किती आले आणि ते संस्थेने कशावर खर्च केले; आणि ती दर अर्थसंकल्पी अधिवेशनात विधिमंडळाच्या पटलावर ठेवावी.